मदत हवी आहे : तारकर्लीला स्कूबा, मुलीच्या कानांचं आणि चष्म्याचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले. कापसाची वेचणी आटोपली की जानेवारीत मुलीला तारकर्लीला स्कूबासाठी (टाकीतल्या हवेवर श्वास घेत पाण्याखाली पोहायला) न्यायचं ठरलंय. १३ वर्षांची आहे, समुद्र अजून पाहिलेला नाही, पण वावरातल्या विहिरीत छान पोहते. खोल बुडी मारली की मात्र कान ठणकतात. नाक दाबून हळूच हवा फुंकली की दाब सुटतो, सर्दी असताना उतरू नये, पाण्याखाली श्वास रोखू नये, एवढं वाचलंय. कान मोकळे करायची सवय आधीपासून कशी लावावी? चष्मा उणे ४ चा आहे. नंबरचा मास्क तिथं मिळतो का? प्रवाळ, मासे तिला स्पष्ट दिसावेत, फार मनात आहे. डुबकीनंतर त्याच दिवशी आंबोली घाट चढून उंचावर जाणं शरीराला चालतं का? मुलांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.