मदत हवी आहे: यीस्टच्या पॉलिमरेज डेल्टाची जुळणी नक्की कोणत्या क्रमाने होते?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बेकरीच्या यीस्टमधला डीएनए पॉलिमरेज डेल्टा (डीएनएची प्रत बनवणारं विकर) शुद्ध करतोय आणि एका जागी अडकलोय.

यात तीन उपघटक आहेत: मोठा पोल३, मग पोल३१ आणि पोल३२. पोल३१ मधला दुवा, एका बाजूने पोल३ धरतो, दुसऱ्या बाजूने पोल३२. इथपर्यंत समजलं. पोल३च्या शेपटाकडच्या टोकाला लोह-गंधकाचा गठ्ठा असतो आणि तो नसेल तर पोल३१ नीट चिकटत नाही, हेही वाचलंय.

माझी गोची अशी. तिन्ही एकत्र बनवले, पण जेलवर (यात प्रथिनं आकारानुसार वेगळी होऊन पट्टे दिसतात) पोल३चा पट्टा अगदी फिका, खालचे दोन मात्र ठळक. (पोल३२ जनुकावरून ४० किलोडाल्टन वजनाचा, पण जेलवर धावतो ५५च्या आसपास. त्यामुळे पोल३१ आणि पोल३२चे दोन पट्टे जवळजवळ चिकटलेले दिसतात, त्यात आमचा पूर्ण आठवडा गेला!) म्हणजे पोल३१-पोल३२ ही जोडी आधी बनते आणि पोल३ नंतर येतो, असं म्हणता येईल का? की माझ्या पोल३मध्ये लोहच नीट बसलेलं नाही?

दुसरं, हीच जोडी पॉलिमरेज झीटा या दुसऱ्या डीएनए पॉलिमरेजमध्ये त्याच्या मोठ्या उपघटकाला, रेव्ह३लाही लागते. मग पेशीत ही जोडी कोणाकडे जायचं हे कसं ठरतं?

कोणी हे काम हाताने केलंय का? बफर, तापमान, काहीही सांगा. गाईड सुट्टीवर आहेत.