एक्सबॉक्स ३६० मधली जुनी सेव्ह दुसऱ्या मशीनवर उघडेल का?

मदत हवी आहे. २९ जुलै २०२४ ला एक्सबॉक्स ३६० या गेमिंग मशीनचं ऑनलाइन स्टोअर बंद झालं. आधी घेतलेले गेम चालतात, पुन्हा डाउनलोडही होतात, म्हणून मी निवांत होतो. पण आमचं मशीन आता वीस मिनिटांत तापून बंद पडतं. वय झालंय त्याचं, आणि नागपूरचा मे तर अजून यायचाच आहे.

गेम गेले तरी चालतील. दादासोबत रात्री जागून खेळलेल्या फुटबॉल करिअरची सेव्ह (गेममधली साठवलेली प्रगती) तेवढी हवी आहे. तो आता पुण्यात असतो, फोनवर बोलणं होतं ते बहुतेक ईएमआयचंच.

धूळ साफ केली, कूलरसमोर ठेवून पाहिलं (हसू नका). सीताबर्डीत एकाने "भंगारात द्या" म्हटलं. १६ जीबी पेन ड्राइव्ह मशीनवरच फॉरमॅट करून सेव्ह कॉपी केली. मित्राच्या ३६० वर ती दिसते, पण उघडत नाही. सेव्ह दादाच्या प्रोफाइलची आहे, आणि त्याला जुन्या ईमेलचा पासवर्ड आठवत नाही. हार्ड डिस्क उघडायची नाही, मॉडिंगही (मशीनमध्ये फेरफार) नको.

दादाचं प्रोफाइलही त्याच पेन ड्राइव्हवर हलवलं, तर पासवर्ड न टाकता, ऑफलाइन, ती सेव्ह मित्राच्या मशीनवर उघडेल का?