मदत हवी आहे: गोत्से देल्चेव नक्की कुणाचा?

मंडळी, वाचनकट्ट्यावर मॅसेडोनिया प्रदेशातल्या 1903 च्या इलिंदेन उठावावर बोलायचंय. 2 ऑगस्टला ऑटोमन सत्तेविरुद्ध बंड, क्रुशेव्हो शहरात बंडखोर नेता निकोला कारेवचं जेमतेम दहा दिवसांचं प्रजासत्ताक, इथवर ठीक. अडलंय याच चळवळीतल्या क्रांतिकारक देल्चेवपाशी. पेशानं शिक्षक, उठावाआधीच मे महिन्यात मारला गेला. जन्मगाव कुकुश आज ग्रीसमध्ये, अस्थी 1946 मध्ये बल्गेरियातल्या सोफियाहून आजच्या उत्तर मॅसेडोनियातल्या स्कोप्येला नेलेल्या (मेल्यावरही बिचाऱ्याला स्वस्थता नाही!). बल्गेरिया म्हणतो आमचा, उत्तर मॅसेडोनिया म्हणतो आमचा. त्या काळी तिथल्या शेतकऱ्याला 'तू कोण' विचारलं, तर तो धर्म सांगे, गाव सांगे की राष्ट्र? यावर दोन्ही बाजू मांडणारं मराठी, हिंदी किंवा सोपं इंग्रजी काही वाचलंय का कुणी? रविवारपर्यंत सुचवा, प्लीज.