गच्च झाडीतला डिस्क गोल्फ म्हणजे नशिबाचा खेळ, हे मला मान्य नाही

पाइनछाया (शार्लट)

डिस्क गोल्फ म्हणजे फेकण्याच्या जागेवरून, टीवरून, चकती (डिस्क) फेकत कमीत कमी थ्रोंत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. काल डलासच्या मोकळेरान यांनी लिहिलं की गच्च झाडीतल्या कोर्सवर डोळे मिटून डिस्क भिरकवायची आणि खोडावर आपटून कुठे जाते ते बघत बसायचं. तिथे चांगला खेळाडू आणि बरा खेळाडू यांत फरकच उरत नाही, तेव्हा दर फेअरवेवरची, म्हणजे टी ते बास्केटच्या वाटेवरची, निम्मी झाडं काढून टाकावीत. दोन ओळींचं उत्तर देऊन सोडणार होतो. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

साधा हिशोब बघा. टीपासून ६० फुटांवर दोन पाइनमध्ये ८ फुटांची फट आहे. म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे ४ फूट. डिस्क स्वतः २१ सेंटिमीटर रुंद, तेवढं वजा करा. हातातून सुटताना डिस्क डावीउजवीकडे साडेतीन अंशांच्या आत ठेवता आली तरच ती पार होते. त्यावर हायझर (डिस्कचा तिरपेपणा) किती, उंची किती, हे वेगळंच. मोकळ्यावर तुम्ही १० अंशांनी चुकलात तर ३०० फुटांवर डिस्क पन्नासेक फूट बाजूला पडते आणि कापलेल्या गवतातून निवांत पुढचा शॉट मिळतो. मग खेळाडूंतला फरक कुठे झाकला जातो, झाडीत की मैदानात?

पॉल मॅकबेथने पहिलं विश्वविजेतेपद २०१२ साली इथे शार्लटच्या झाडीत घेतलं आणि सहावं २०२२ मध्ये कॅन्ससच्या एम्पोरियात, वाऱ्यावरच्या मोकळ्या कोर्सवर. झाडीत नशीबच चालत असतं तर दोन्हीकडे तोच माणूस वर आला नसता.

मोकळेरान (डलास)

माझं अर्धंच वाक्य उचललंत. साडेतीन अंशांची फट असेल तर माझी हरकत नाही. माझा राग फटच नसलेल्या होलवर (एका टीपासून तिच्या बास्केटपर्यंतच्या टप्प्यावर) आहे. ४०० फुटांवर बास्केट, मध्ये झाडांचे तीन थर, आणि कोर्स आखणाऱ्याच्या मनात कोणती लाइन (डिस्कची वाट) होती हे टीवर उभं राहून कुणालाही सांगता येत नाही.

कामासाठी तुमच्याच राज्यात, नॉर्थ कॅरोलायनात, आलो होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या कार्डवरच्या (बरोबर खेळणाऱ्या गटातल्या) एकाने पहिलाच थ्रो सरळ खोडावर मारला. डिस्क उडून फेअरवेच्या मध्यात. मी फट नीट साधली, तर पलीकडे मनगटाएवढं एक रोपटं. त्याला लागून डिस्क काटेरी जाळीत. तो बर्डी (ठरल्यापेक्षा एक थ्रो कमी) घेऊन गेला, मी डबल बोगी (दोन जास्त). मॅकबेथ चार-पाच दिवस खेळतो, त्याचं नशीब इकडचं तिकडे फिटतं. आमच्यासारख्यांना शनिवारचा एक राउंड मिळतो, त्यात काय फिटणार?

बुधवारलीग (रॅले)

पाइनछाया, शंभर टक्के सहमत. मोकळेरान, तुमच्याकडचा वारा काय फार न्यायी आहे? डिस्क हवेत असताना झुळूक आली की नाक वर, आणि गेली ओबीत (हद्दीबाहेर). ते तुम्ही ‘परिस्थिती’ म्हणून सोसता. रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर अमेरिकन अजिंक्यपदासाठी पिवळी दोरी ताणतात. दोरीपलीकडे वीतभर गेलं तरी एक थ्रो दंड, तेही गवत दोन्हीकडे सारखंच असताना. दोरी चालते आणि शंभर वर्षांचा ओक चालत नाही?

आणि खरं सांगा, त्या होलवर तुम्ही ड्रायव्हर (लांब जाणारी वेगवान डिस्क) काढला होता ना? झाडीत पटर नाहीतर मिडरेंज, म्हणजे हळू जाणाऱ्या डिस्क. टेक्सासच्या लोकांना हे पटायला वेळ लागतो.

मोकळेरान

मी कोणती डिस्क काढली हे तुम्हाला रॅलेत बसून कळलं? मिडरेंज होती. माणूस न बघता त्याच्या खेळावर निकाल देणार असाल तर चर्चा कशाला करायची?

गुडघेकाका (अटलांटा)

मला दोघांचंही पटत नाही. तुमच्या अंशांपेक्षा मुळं मोठी अडचण आहेत. फेअरवेवर उघडी पडलेली पाइनची मुळं, त्यावर पानांचा थर, आणि माझे गुडघे. वर गोचिडी. मुलीच्या मुलाला घेऊन गेलो होतो, घरी आल्यावर त्याच्या कानामागून गोचीड काढावी लागली. लेक-जावयांनी पुन्हा नेऊ दिलं नाही.

ऑगस्टाजवळ अ‍ॅपलिंगला आंतरराष्ट्रीय डिस्क गोल्फ केंद्राचे तीन कोर्स आहेत. झाडी आहे, पण वाट दिसते. तसं सगळीकडे करा. आमच्या जवळच्या कोर्सवर काही मंडळी बॅगेत घडीची करवत ठेवतात, जाता जाता आडवी फांदी छाटतात. मीही छाटली आहे. उद्यान विभागाला कळवून वर्ष उलटलं, कुणी आलं नाही. मला यात काही गैर वाटत नाही.

रानवाट (ग्रीन्सबरो)

काका, मला यात फार गैर वाटतं. मी वनशास्त्र शिकले आहे, याच भागात काम करते.

फांदी खोडालगत वेडीवाकडी कापली की ती जखम नीट भरत नाही. तिथून बुरशी आत शिरते आणि काही वर्षांत ते झाड पोकळ होऊ शकतं. मग वादळात कोसळतं, आणि तुम्हीच म्हणणार की कोर्स बिघडला. बीचची साल तर इतकी पातळ की डिस्कचे वणही आयुष्यभर दिसतात. करवतीचं सोडाच. शिवाय नियमातही बसत नाही. झुडपात उभं राहायचं तर अडथळा कमीत कमी हलेल अशी जागा घ्यायची, बास्केटच्या वाटेतली फांदी हलवायची नाही. हलवली तर पेनल्टी. ती तोडणारा माणूस कार्डवर गप्प कसा राहतो?

गुडघेकाका

बाई, मी कोकणातला आहे. झाडं मला शिकवू नका. आमच्या बागेत दर वर्षी छाटणी होते, झाडं मेली नाहीत. आणि मी छाटलं ते बहुतेक प्रिव्हेटच होतं. ते परकं झुडूप आहे, काढायलाच सांगतात ना?

रानवाट

मीही कोकणातलीच आहे, काका. आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी आणत नाही. बाग आपली असते, छाटणारा जाणता असतो. इथलं रान सगळ्यांचं आहे.

चिनी प्रिव्हेट काढायलाच हवं, यात वाद नाही. त्याने पिडमॉन्टमधल्या (आपल्या या पठारी पट्ट्यातल्या) ओढ्यांचे काठ गिळले आहेत, खाली दुसरं काही उगवू देत नाही. पण ‘बहुतेक’ म्हणून करवत चालवता येत नाही. समोरासमोर पानं बघून लोक प्रिव्हेट समजून कोवळं डॉगवूड कापतात, जे नॉर्थ कॅरोलायनाचं राज्यफूल आहे. आणि खरोखर प्रिव्हेट असलं, तरी नुसतं वरून कापलं की बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. बुंध्यावर लगेच औषध लावावं लागतं, आणि सार्वजनिक जागेत ते परवानगीशिवाय लावता येत नाही. तुमच्या छाटणीने झुडूप आणखी दाट झालं असणार.

बुधवारलीग

काकांच्या त्या कोर्सवर मी खेळलोय. तिथली एक सुंदर उजवीकडे वळणारी फोरहँड लाइन कुणीतरी झाड कापून सरळसोट केली. आता तिथे कुणीही येऊन जोरात फेकतो. माझा संताप होतो. एका झाडावर अख्खं होल उभं असतं.

गुडघेकाका

ते झाड मी कापलेलं नाही. मी फांद्या म्हणालो. आणि अर्जाला उत्तर न देणाऱ्यांना कुणी काही बोलत नाही, म्हाताऱ्याला बोलायला सगळे पुढे.

रानवाट

उत्तर मिळायला हवं होतं, हे खरं. आमच्याकडे एकट्याचा अर्ज पडून राहिला, स्थानिक क्लबने एकत्र दिला तेव्हा हालचाल झाली. मुळांचं तुमचं म्हणणंही रास्त आहे. पायांनी माती दबते, पावसात लाल चिकणमाती वाहून जाते आणि मुळं उघडी पडतात. त्यावर लाकडाचा भुसा पसरणं आणि बास्केटच्या जागा आलटून पालटून बदलणं हा उपाय आहे, म्हणजे एकाच वाटेवर सगळ्यांचे पाय पडत नाहीत. त्यासाठी एकही फांदी तोडावी लागत नाही.

पाइनछाया

फांद्यांवरून मूळ मुद्द्यावर येतो. मोकळेरान, पहिला कायमचा कोर्स एड हेड्रिकने १९७५ साली कॅलिफोर्नियात मांडला तो ओक ग्रोव्ह पार्कमध्ये, ओकच्या झाडांत. झाडं या खेळात पहिल्या दिवसापासून आहेत. तुमच्या कार्डवरच्या माणसाला खोडाने हात दिला, मान्य. पण दहा वेळा तो तसाच खोडावर मारत राहिला तर किती वेळा डिस्क फेअरवेवर येईल? तुमची फट मात्र दहातून सात वेळा साधेल. मला या सातांसाठी खेळायचं असतं. मोठ्या आवाजात आपटणारं झाड लक्षात राहतं, शांतपणे पार झालेली फट कुणी सांगत नाही.

मोकळेरान

अंशांचा हिशोब बरोबर आहे, तो खोडता येत नाही. पण माझी अट सोडत नाही: लाइन टीवरून दिसली पाहिजे, आणि फट पार केल्यावर मनगटाएवढ्या रोपट्याने शिक्षा होता कामा नये. तुमच्या साडेतीन अंशांत बसणाऱ्यालाही तिथे बक्षीस मिळत नाही. मोठी झाडं ठेवा. ओक तर ठेवाच. निम्मी झाडं तोडा हे मी रागात लिहिलं होतं, तेवढं मागे घेतो.

आणि बुधवारलीग, ड्रायव्हरचं वाक्य तुम्ही मागे घेतलेलं नाही.

बुधवारलीग

मिडरेंज होती हे धरून चालतो. पुढच्या वेळी आलात की माझ्याबरोबर खेळा, मग बघू.

पाइनछाया

लाइन टीवरून दिसावी, याला माझी ना नाही. रोपट्यांचं आमच्या क्लबच्या बैठकीत मांडतो, उद्यान विभागाच्या परवानगीनेच. काका, तुमचा जुना अर्ज असेल तर मजकूर पाठवा, तसाच आम्हीही देऊ. रानवाट ताई, कोणतं काढायचं आणि कोणतं नाही हे दाखवायला याल का?

रानवाट

येईन, पण डिसेंबरनंतर. बाकीची पानं गळलेली असतात आणि प्रिव्हेट हिरवं राहतं, तेव्हा ओळखायला सोपं जातं. होली आणि लॉरेलही हिरवीच असतात, म्हणून आधी मी फिती बांधेन, मगच हात लावायचा. आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर पुढे ढकला. ओल्या लाल मातीत वीस माणसं फिरली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त.