मदत हवी आहे : ऑरेंज अलर्ट आणि गोसीखुर्दचं पाणी, नेमकं काय पाहायचं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. नागपूर वेधशाळेने चंद्रपूर-गडचिरोलीला पुढचे दोन दिवस ऑरेंज अलर्ट दिलाय, म्हणजे काही ठिकाणी २४ तासांत ११५ ते २०४ मिमी पाऊस पडू शकतो.

पण आमची खरी भीती गावातल्या पावसाची नाहीच. पाऊस पडतो बालाघाट-शिवनीत, बुडतो आम्ही. ऑगस्ट २०२० ला तेच झालं होतं: वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, मग गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले. म्हणून आपल्या जिल्ह्याचा अलर्ट पाहून उपयोग किती, असं वाटतं. वरच्या भागाचा अंदाज कुठे पाहता तुम्ही?

दुसरं, व्हॉट्सॲपवर विसर्गाचे आकडे फिरतात, कोणी क्युसेक (सेकंदाला घनफूट) लिहितो, कोणी क्युमेक (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेक! एवढ्या फरकात अख्खं गाव घाबरतं, नाहीतर निवांत झोपतं. किती विसर्गाला तुमच्याकडे पाणी बांधीत (धानाच्या शेतात) शिरतं, आणि दरवाजे उघडल्यावर किती तासांनी? पवनी, लाखांदूर, वडसाकडचे कोणी असाल तर नक्की सांगा जी.

धानाची रोवणी नुकतीच आटोपली. युरिया सध्या थांबवलाय. पाण्याची मोटार काढून घरी आणावी का? ढोरं आजच उंचावर न्यावीत की जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारून ठरवावं? संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालं तर बरं, रात्री इथे लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातात.