मदत हवी आहे: नम्रता आणि प्रतिफळ एकत्र कसं समजावू?

दर्यापूरकडच्या खेड्यात रविवारी घरगुती प्रार्थनेत बोलायचं आहे. ऐकणाऱ्या बहुतेक बाया कापूस वेचणाऱ्या. संध्याकाळी काट्यावर जितके किलो, तितकी मजुरी. बायबलमधल्या मत्तय 6 मध्ये येशू दान गुप्तपणे करा म्हणतो, आणि पिता प्रतिफळ देईल असंही. त्यावर एका मावशीनं विचारलं, "फळ भेटन म्हणून नम्र रायलो, तर ते नम्र रायनं कसं?" प्रश्न खरा आहे, टाळायचा नाही.

नम्रतेबद्दल बायबलमधलेच स्तोत्र 37 आणि 1 पेत्र 5 वाचले. मत्तय 20 मधले द्राक्षमळ्याचे मजूर जवळचे वाटतात: शेवटचा तासभर राबलेल्यालाही पूर्ण रोज. पण दिवसभर राबलेले कुरकुरतात, तसंच इथंही होईल. काहींना वाचता येत नाही, म्हणून जड शब्द नकोत. प्रतिफळ कमाई नसून कृपा आहे, हे मजुरीवर जगणाऱ्या बाईला कोणत्या वचनावरून सांगाल?