मदत हवी आहे: चेहरा सारखा लाल होतो, आग होते, कारण सापडत नाही

धागाकर्ती – शेवंती

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आता नाइलाजाने धागा काढतेय.

वय ३४, सोलापूर, प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्वचा पहिल्यापासून तेलकट, कॉलेजात मुरुम भरपूर. लग्नानंतर ते कमी झाले. धाकटीच्या वेळी गालांवर वांग आले. इथपर्यंत घरोघरीची गोष्ट.

गेल्या सात-आठ महिन्यांपासून मात्र दोन्ही गाल, नाकाचा शेंडा आणि हनुवटी लाल होतात. ओट्याशी उभी राहिले की दहा मिनिटांत चेहरा तापतो. फोडणीची वाफ, गरम चहा, उन्हातून गाडीवर जाणं, काहीही पुरतं. लाली ओसरायला दोन-दोन तास. त्यावर बारीक पुटकुळ्या येतात, त्या पिकतातही. साधं पाणी मारलं तरी चरचरतं. परवा वर्गात एका पोराने विचारलं, "टीचर, तुम्ही रडलात का?" आणि आई म्हणते गालावर छान गुलाबी छटा आलीय, बाळंतपणानंतर पहिल्यांदा तब्येत बरी दिसतेय! गव्हाळ रंगावर लाली पटकन कळत नाही हे खरं, फोटोत तर मुळीच येत नाही. पण हात लावला की गाल तव्यासारखा लागतो.

करून पाहिलेलं: हळद-बेसन (आग वाढली), मुलतानी माती (त्वचा फाटल्यासारखी झाली), तीन फेसवॉश, ऑनलाइन मागवलेलं व्हिटॅमिन सी सीरम (मिरचीचा हात लागल्यासारखं झालं, धुऊन टाकलं). दूध महिनाभर बंद, गोड बंद, उशीचे अभ्रे एक दिवसाआड. आमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं म्हणून पंधरा दिवस फिल्टरच्या पाण्याने तोंड धुतलं. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि साखर तपासली, दोन्ही ठीक. अॅलर्जीच्या गोळ्या पाच दिवस दिल्या, झोप छान लागली, बाकी काही नाही.

सध्या फक्त सौम्य फेसवॉश, खोबरेल तेल आणि रात्री नेहमीचं नाईट क्रीम. बाकी सगळं बंद केलंय. कुणाला असं झालंय का?

मोगरा

ताजी कोरफड कापून गर लावा, आठ दिवसांत फरक पडतो. माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं लावतात.

तात्या

ही पोटातली उष्णता. सकाळी सब्जा, रात्री गुलकंद, आणि सोलापूरची शेंगाचटणी महिनाभर विसरायची. जमेल का बघा.

शेवंती

तात्या, सब्जा चालू आहे. चटणीचं तेवढं बोलू नका.

रानजाई

मोगराताई, कोरफड कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो नीट निथळला नाही तर चांगल्या त्वचेलाही खाज सुटते. चेहरा आधीच पेटलेला असताना नको.

शेवंती, तुझं वर्णन मला माझंच वाटलं. मी मँचेस्टरला असते, मला रोझेशिया आहे. गरम पेय, ऊन, मसालेदार जेवण, बाहेरच्या थंडीतून हीटरच्या खोलीत येणं, यांपैकी काहीही झालं की चेहरा पेटतो आणि वर मुरुमांसारखे फोड येतात. फरक एवढाच की मुरुमांत काळ्या बिया असतात, यात नसतात. इकडे गोऱ्या लोकांत हे नेहमीचं, डॉक्टर दारातूनच ओळखतात. माझ्या सावळ्या चेहऱ्यावर ओळखायला त्यांना दोन वर्षं लागली, तोवर मुरुमांची औषधं लावून लावून मी सालपटं काढली. आता आयव्हरमेक्टिनचं क्रीम आहे आणि बरंच ताब्यात आहे. पण तू स्वतःहून काही आणू नकोस, त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

पाटीपेन्सिल

एक विचारतो, घाबरवायचं नाहीये. लाली नाकाच्या बाजूच्या घडीत, म्हणजे हसल्यावर पडते त्या रेषेत, आहे का? सांधे दुखणं, तोंडात फोड, केस गळणं असं काही? माझ्या पत्नीला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. तिच्या गालांवर चट्टे होते, पण ती घडी कोरी होती. तसं असेल तर डॉक्टर एएनए नावाची रक्ततपासणी सांगतात.

शेवंती

सांधे नाही, तोंडात फोड नाहीत. घडीतही लाल आहे, तिथे उलट जास्त. विचारलंत ते बरं केलंत, आता आरशापुढे अर्धा तास उभी राहून हसतेय.

खलबत्ता

मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही, आधीच सांगतो. सगळ्यांनी सगळं विचारलं, एक राहिलं. "नेहमीचं नाईट क्रीम" म्हणजे कोणतं? डबीतलं की ट्यूबमधलं? कधीपासून लावता? आणि कधी चार दिवस बंद करून पाहिलंत का?

शेवंती

ट्यूब आहे. वांगासाठी पार्लरवालीने दिली होती, दिराच्या लग्नाच्या आधी. दोन वर्षं होऊन गेली. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की लग्नात सगळ्यांनी विचारलं. नंतर मीच मेडिकलमधून आणते, रिकामी ट्यूब दाखवली की देतात. क्रीमचा काही त्रास नाही हो. उलट दिवाळीत माहेरी गेले तेव्हा विसरले होते, तर चौथ्या दिवशी चेहरा टरारून सुजला. परत येऊन लावलं तेव्हा शांत झालं. या सगळ्यात तेवढं एकच मला सोसतंय.

खलबत्ता

ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचून इथे लिहा. चष्मा लागत असेल तर लावा, पण वाचाच.

शेवंती

हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्के. खाली लाल अक्षरांत काहीतरी आहे, ते घडीत गेलंय.

खलबत्ता

सापडलं असं वाटतंय. ते लाल अक्षरांतलं म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना.

यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. वांगासाठी तीन औषधं एकत्र करायची कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ साली मांडलेली. पहिलं डाग फिका करतं, दुसरं कातडीची वरची पेशी भराभर बदलतं, आणि या दोघांनी होणारी जळजळ दाबायला स्टिरॉइड. औषध वाईट नाही. पण ते काही आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली. तुम्ही दोन वर्षं लावलंत.

स्टिरॉइडने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा गोरा दिसतो. तो उजाळा बराचसा हाच. रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते, आणि त्या वाहिन्यांना आकसून राहायची सवय लागते. क्रीम थांबलं की त्या एकदम फुगतात, चेहरा लाल होतो, सुजतो, पुटकुळ्या उठतात. माणसाला वाटतं क्रीम नाही म्हणून त्रास झाला. लावलं की शांत होतं. तुमची दिवाळी हीच. आणि काही महिन्यांनी लावत असतानाही लाली राहू लागते, उष्णता-ऊन सोसत नाही. भारतात हे इतकं आहे की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलंय, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. रिकामी ट्यूब दाखवून ती कशी मिळतात ते तुम्ही वर लिहिलंच आहे. माझ्याच धंद्यातली गोष्ट आहे, म्हणून जास्त टोचते.

रानजाई म्हणतात तसा मुळात रोझेशिया असूही शकतो, स्टिरॉइडने अगदी तसंच चित्र तयार होतं. ते मी सांगू शकत नाही. एमडी किंवा डीडीव्हीएल (त्वचारोगाची पदविका) झालेला त्वचारोगतज्ज्ञ गाठा आणि ट्यूब पिशवीत घालून सोबत न्या. तोंडी "नाईट क्रीम" सांगू नका, अर्धा तपास तिथेच चुकतो.

बाबूराव

स्टिरॉइड म्हणजे जिमवाली पोरं घेतात ते का?

खलबत्ता

नाही हो. ते वेगळ्या जातीचं.

शेवंती

मी सुन्न बसलेय. लोक बाटल्या फेकतात तशी ट्यूब कचऱ्यात टाकणार होते, मग "सोबत न्या" आठवलं म्हणून पुन्हा काढली. आजच बंद करू का?

कुसुंबी

माझ्या बहिणीने एका रात्रीत बंद केलं, कुणाला न विचारता. सहाव्या दिवशी डोळे उघडत नव्हते इतका चेहरा सुजला. घाबरून पुन्हा लावलं, असं तीनदा. शेवटी डॉक्टरकडे गेली तेव्हा त्यांनी सांगितलं की बंद तर करायचंच, पण सोबत दुसरं काही देऊन. दोन-तीन दिवसांत डॉक्टरची वेळ मिळत असेल तर ती घे आणि मगच काय ते कर. तोवर चेहऱ्यावर नवीन काही नको. कोरफड, दही, काही नको.

(आणि खोबरेल तेलही थांबव. मुरुम होणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. आमच्या घरात हे बोलायची चोरी आहे.)

शेवंती – तीन आठवड्यांनी

उशीर झाला, माफ करा. गेले होते. डॉक्टर बाईंनी ट्यूब पाहिली, भिंग लावून गाल पाहिले, आणि मला मोबाइलवर मोठं करून दाखवलं. गालावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा. मला इतके दिवस दिसल्या नव्हत्या. वरच्या ओठावर आणि कानाजवळ लव वाढली होती, तीही त्यांनी दाखवली. मी तिचा दोष वयाला देत होते.

क्रीम पूर्ण बंद. रात्री टॅक्रोलिमसचं मलम, ते स्टिरॉइड नाही. पहिले चार दिवस लावल्यावर झणझणलं, सांगूनच दिलं होतं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी सहा आठवडे: भरपूर पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर नाही. दिवस राहायची शक्यता आहे का हे त्यांनी दोनदा विचारलं. बाकी वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. एवढंच. वांगाचं नाव सध्या काढायचं नाही म्हणाल्या, आधी कातडी जागेवर येऊ दे.

पाचवा ते नववा दिवस वाईट गेला. तीन दिवस रजा टाकली. मॉइश्चरायझर फ्रीजमध्ये ठेवून लावलं, त्याने फार बरं वाटायचं. आता सूज नाही, लाली आहे, पण चहा घेतल्यावर अर्ध्या तासात ओसरते. वांग मात्र पुन्हा दिसायला लागलेत. सगळं निस्तरायला काही महिने जातील असं सांगितलंय.

पार्लरवालीकडेही जाऊन आले. भांडायच्या तयारीने गेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गालाला हात लावून म्हणाली, "ताई, मी पण तेच लावते. चार वर्षं झाली." ट्यूबलाइटच्या उजेडात तिचे गाल पाहिले. माझ्यापेक्षा लाल. माझी पुढची तारीख मंगळवारी आहे, ती सोबत येतेय.

एक प्रश्न राहिला. उन्हात गाडीवर जाताना मी चेहऱ्याला सुती स्कार्फ घट्ट बांधते, त्याच्या घर्षणानेही गाल चुरचुरतात. पूर्ण काचेचं हेल्मेट घालून बिनस्कार्फ जाणारं कुणी आहे का? घामाचं काय करता?